एक इश्यू

रंगराव रायकरांना इंग्रजी येतं, ही गोष्ट धायरीत सगळ्यांना मान्य होती. तपासून कोणी पाहिली नव्हती, एवढंच.

उभी हयात एका कारखान्याच्या डिस्पॅच खात्यात गेलेला हा माणूस. नोकरीत असतानाच त्यांनी घराच्या खालच्या गाळ्यात आईच्या नावानं 'मुक्ताई वधू-वर सूचक केंद्र' काढलं. सुरुवातीला लोक येऊन तोंडी स्थळं सांगून जायचे. मग सिंहगड रस्त्याच्या दोन्ही अंगाला सोसायट्या उठल्या, शेतकऱ्यांची पोरं आयटीत गेली, आणि बायोडेटा इंग्रजीतच पाहिजे अशी टूम निघाली. रंगरावांचा भाव वधारला तो तेव्हापासून. गळ्यात सोन्याचा गोफ घालून आलेले बागायतदारसुद्धा त्यांना 'रायकर साहेब' म्हणू लागले, आणि साहेबांनाही ते आवडू लागलं. कोणाला आवडत नाही?

त्यांचं इंग्रजी होतं ते सगळं लग्नाचं. व्हीटिश म्हणजे गव्हाळ, होमली म्हणजे घर धरून राहणारी, वेल सेटल्ड म्हणजे मुलाचा फ्लॅट आहे आणि हप्ते चालू आहेत. दुसरेपणाच्या स्थळाला एक रकाना जास्त असायचा, 'इश्यू'. इश्यू म्हणजे मूलबाळ. 'नो इश्यू' असलं की स्थळ चटकन हलायचं, 'वन इश्यू' म्हटलं की पुढची मंडळी विचार करून कळवतो म्हणायची, आणि 'टू इश्यूज' म्हटलं की खुद्द रंगरावच चष्मा काढून पुसायला घ्यायचे. या पन्नास-साठ शब्दांवर त्यांचं उत्तम चाललं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती त्यांनी वर्षानुवर्षं झाकूनच ठेवली होती.

केंद्राचं बाकी काम दीपमाला पाहायची. हिंगणघाटकडची मुलगी. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्यात आली, नोकरी बाजूला राहिली आणि नवरा निघून गेला. ती कामाला लागली तेव्हा पोटुशी होती. पहिल्याच वर्षी तिला मुलगी झाली, पूर्वा. रंगरावांनी तेव्हा तिला तीन महिने घरी बसवून पगार दिला होता. ही गोष्ट खरी, आणि ही गोष्ट ते अधूनमधून चारचौघांत सांगत, हेही खरं.

दीपमालेचा हात कामाला हलका आणि जीभ गोड. मुलाकडच्यांचा नकार मुलीकडच्यांना ती असा कळवायची की समोरचा माणूस थँक्यू म्हणून फोन ठेवायचा. पण आता लग्नं मोबाइलवरच जमू लागली होती. केंद्रात दिवसदिवस पंखा तेवढा फिरायचा. पूर्वा शाळेत जाऊ लागली होती, दीपमालेची आई गुडघ्यांनी बेजार होती, आणि नवऱ्याकडून कधी काही येईल ही आशा तिनं केव्हाच सोडली होती. तिला कायमची, पीएफवाली नोकरी हवी होती. बाणेरला लोकांना नोकऱ्या मिळवून देणारी एक कंपनी होती, तिथं उमेदवारांना फोन करणाऱ्या बायका भरायच्या होत्या. दीपमालेनं अर्ज करायचं ठरवलं आणि पहिल्यांदा सांगितलं ते रंगरावांना.

रंगराव मनापासून खूश झाले. "बायोडेटा मी करतो," म्हणाले आणि तासाभरात करून दिलासुद्धा. वर 'श्री गणेश प्रसन्न', मग नाव, रास, उंची, वर्ण व्हीटिश, स्वभाव अ‍ॅडजस्टिंग.

दीपमालेनं वाचला आणि ओढणी तोंडाला लावली. "सर, मला नोकरी पाहिजे, नवरा नको."

रंगरावही हसले. मग तिनं मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतःच नवा रेझ्युमे तयार केला. स्थळं गोळा करायची, याचं तिनं 'प्रोफाइल सोर्सिंग' केलं. बघण्याचे कार्यक्रम ठरवायचे, त्याचं 'इंटरव्ह्यू शेड्युलिंग'. आणि नकार कळवण्याचं जे झालं ते तर तिनं दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं, 'कँडिडेट कम्युनिकेशन'. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. शेवटी 'रेफरन्स' म्हणून तिनं रंगरावांचं नाव आणि नंबर घातला.

इंटरव्ह्यू झाला. आल्यावर ती फुलून सांगत होती, त्यांना आवडलं, आता फक्त तुमच्याकडे चौकशी करतील आणि मग पत्र देतील. सांगता सांगता ती जरा घुटमळली.

"सर, फोन बहुतेक इंग्रजीत येईल. मराठीत बोललं तरी चालेल, असं मी त्यांना सांगून ठेवू का?"

रंगरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "का? मला इंग्रजी येत नाही असं वाटतं की काय तुला?"

"तसं नाही सर, तुम्हाला उगाच त्रास."

"कसला त्रास? तू निर्धास्त राहा. असा रेफरन्स देतो की गाडी पाठवतील तुला न्यायला."

ती निर्धास्त राहिली. इथंच सगळं बिनसलं.

फोन आला तेव्हा दुपार होती आणि दीपमाला पूर्वाला शाळेतून आणायला गेली होती. समोर मांजरी गावचे संभाजीराव बसले होते, मुलाचं स्थळ घेऊन. उसाची जमीन बिल्डरला देऊन त्यांनी बंगला बांधला होता, मुलगा सूरज कंपनीत होता, आणि सून मात्र इंग्रजी शाळेतली हवी होती. पलीकडून एका मुलीचं झपझप इंग्रजी सुरू झालं तसे रंगराव खुर्चीतून उठून उभे राहिले. पोट आत घेतलं. संभाजीराव कौतुकानं बघत होते, हे त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

पहिले प्रश्न सोपे गेले. दीपमाला तुमच्याकडे होती का? येस. कोणत्या पदावर? "असिस्टंट. व्हेरी गुड असिस्टंट." पुढे ती मुलगी काहीतरी लांबलचक बोलली. त्यातलं रंगरावांना काही उमगलं नाही. त्यांनी दोनदा "येस येस" केलं. मग प्रश्न आला,

"सर, एनी इश्यूज ड्युरिंग हर एम्प्लॉयमेंट?"

आता हा शब्द त्यांच्या घरचा होता. समजत नसलेल्या त्या भडिमारात ओळखीचं माणूस भेटावं तसा त्यांना तो भेटला. रंगराव खुलले.

"येस, येस! वन इश्यू."

"वन इश्यू? व्हेन वॉज धिस, सर?"

"फर्स्ट इयर ओन्ली. ड्युरिंग माय एम्प्लॉयमेंट."

"अँड हाऊ डिड यू हँडल इट?"

इथं रंगरावांना आपलं औदार्य आठवलं. ते कळल्यावर दीपमालेचंही वजन वाढेल, असं त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटलं. "आय सेंट हर होम. थ्री मंथ्स. मॅडम, अनदर पर्सन वुड हॅव रिमूव्हड. बट आय अ‍ॅम ब्रॉडमाइंडेड. आय डिड नॉट रिमूव्ह."

"ओके सर. दॅट्स व्हेरी हेल्पफुल. थँक यू."

'हेल्पफुल' त्यांना कळलं. त्यांनी फोन ठेवला आणि रुमालानं कपाळ टिपलं.

"काय फाडफाड बोलता हो साहेब," संभाजीराव म्हणाले. "आमचा सूरज बी एवढं बोलत न्हाय. तुमच्यासारखा माणूस हाय म्हणून आम्ही हिथं येतो, न्हाईतर मोबाइलवर काय कमी स्थळं हायती?"

त्या दिवशी रंगरावांनी संभाजीरावांसाठी स्पेशल चहा मागवला.

पुढच्या मंगळवारी सकाळी संभाजीराव पुन्हा आले होते. एक पत्रिका जुळत होती. रंगराव फोटो काढून दाखवत असताना दीपमाला आत आली. पर्स खांद्यावरच होती. चेहरा असा की रंगरावांना वाटलं, पूर्वाला काहीतरी झालं.

"सर, त्यांनी नाही म्हटलं."

"कोणी?"

"बाणेरच्यांनी. मीच फोन केला होता. आधीच्या ठिकाणाहून रिपोर्ट चांगला आला नाही म्हणाले. आधीचं ठिकाण म्हणजे हेच एक. तुम्हीच."

"मी? अगं, मी तर..."

"मी जाऊ नये असं वाटत होतं तर सांगायचं होतं. मी थांबले असते. इथं कोण आहे माझ्यानंतर काम बघायला, हे मला कळत नाही का?" तिचा आवाज चिरकला आणि सहा वर्षांत पुण्याची झालेली तिची बोली एकदम गळून पडली. "पण काहून असं केलं तुम्ही? माझ्याबद्दल काही इश्यू होता तुम्हाला तर मले तोंडावर सांगायचं ना!"

इश्यू.

तिच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला आणि रंगरावांच्या पायाखालची जमीन सरकली. नेटवर्कचा इश्यू, पाण्याचा इश्यू, काही इश्यू नाही काका. सगळं पुणं दिवसभर हा शब्द असाच वापरत होतं आणि ते ऐकतही होते. पण त्या दिवशी, उभं राहून, पोट आत घेऊन बोलताना त्यांना त्यातलं काही आठवलं नव्हतं. आपण फोनवर काय काय म्हणालो ते एकेक वाक्य आता त्यांना मराठीत ऐकू येऊ लागलं. हो, हो, एक भानगड झाली होती. पहिल्याच वर्षी. तीन महिने घरी बसवली. दुसऱ्या कोणी काढूनच टाकली असती.

एका वाक्यात हे सांगता आलं असतं. दीपमाला समोर उभी होती. पण संभाजीरावही बसले होते, हातात मुलीचा फोटो धरून, दोघांकडे आळीपाळीनं बघत. माझं इंग्रजी चुकलं, हे तीन शब्द बोलायचे सोडून रंगरावांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"तुम्ही माझ्या पोटावर पाय दिलात सर," दीपमाला म्हणाली. "माझ्या एकटीच्या नाही. पूर्वाच्यासुद्धा." आणि ती निघून गेली.

संभाजीरावांनी फोटो टेबलावर ठेवला. मग डोळा बारीक करून म्हणाले, "बराबर केलं साहेब. चांगलं माणूस असं सोडून चालत न्हाय. मी बी माझा ड्रायव्हर असाच धरून ठेवलाय."

रंगराव यावर नुसतं हसले. त्या हसण्याची त्यांना पुढे जितकी लाज वाटली तितकी त्या फोनचीही वाटली नाही. समोरचा माणूस आपल्याला लबाड समजतोय, आणि ते आपल्याला चालतंय, कारण अडाणी समजण्यापेक्षा ते बरं, हे त्यांना त्याच क्षणी स्वच्छ कळलं होतं. कळूनही ते हसले.

बुधवारी दीपमाला आली नाही. रंगराव सकाळपासून गाळ्यात बसून होते. कंपनीचा नंबर मोबाइलमध्ये होता. तीनदा त्यांनी तो काढला आणि तीनदा मोबाइल उलटा करून ठेवला. काय सांगायचं? कोणत्या भाषेत सांगायचं? पुन्हा ते झपझप सुरू झालं तर? दुपारी जेवून आले, पुन्हा बसले. जाऊ दे, होईल काहीतरी, तिला दुसरीकडे मिळेल, हुशार आहे, असं स्वतःला समजावत त्यांनी संध्याकाळ केली.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी भाकरी अर्धी टाकली तेव्हा विजयमालाबाईंनी विचारलं, "अहो, दीपमाला का आली नाही आज?"

बायकोपासून काही लपवायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. विजयमालाबाईंना हसू आलं नाही. त्यांनी ताट उचललं.

"म्हणजे चोर म्हणवून घ्याल, पण येत नाही म्हणणार नाही. छान." आत जाता जाता त्या थांबल्या. "त्या पोरीचं बाळंतपण मी केलंय. पुढच्या वेळी लोकांना सांगताना तेवढं माझंही नाव घालत जा."

गुरुवारी ऑफिसं उघडली तशी रंगरावांनी फोन लावला. गाळ्याचं दार त्यांनी आधी आतून लावून घेतलं.

"हॅलो, उत्कर्षा स्पीकिंग."

"गुड मॉर्निंग मॅडम. आय अ‍ॅम रंगराव रायकर. सेम रंगराव. यू हॅड फोन..." आणि पुढे काही सुचेना. "बाई, मी मराठीत बोललो तर चालेल का?"

"अहो चालेल की! बोला ना काका. मी कोथरूडचीच आहे."

कोथरूडची. म्हणजे त्या दिवशी सिंहगड रस्त्यावरचा एक मराठी माणूस आणि कोथरूडची एक मराठी मुलगी एकमेकांशी इंग्रजीत बोलली होती, आणि त्यात तिसरीचं वाटोळं झालं होतं. रंगरावांनी डोळे मिटले.

"बाई, मला इंग्रजी येत नाही," ते म्हणाले. मग इश्यूचं सांगितलं. तो रकाना, पूर्वा, तीन महिन्यांची रजा, सगळं. सांगताना आपला आवाज शाळेत छडी खाणाऱ्या पोरासारखा येतोय हे त्यांना ऐकू येत होतं.

पलीकडून हसू दाबताना नाकातून येतो तसा आवाज आला. "सॉरी काका, सॉरी. म्हणजे इश्यू म्हणजे... अरे देवा." ती सावरली. "अहो, मी तर लिहून टाकलं की त्यांच्यावर शिस्तीची कारवाई झाली होती. थांबा हं, मी बघते."

रंगराव थांबले. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, पण गाळ्याला फरशी होती.

"काका, त्यांचं नाव मी आजच साफ करते. मॅनेजरना सांगते. पुढे जागा निघाली तर नक्की बोलावू. पण आत्ताची जागा गेली हो."

"गेली? कधी?"

"काल संध्याकाळी. खरं सांगू का, माझ्या मनात दीपमालाताईच होत्या, म्हणून मी दुसऱ्या मुलीला पत्र पाठवायचं रेंगाळत ठेवलं होतं. काल संध्याकाळी मॅनेजर ओरडले, मग पाठवलं. तुमचा फोन कालच आला असता ना, तर... असू दे काका. चूक कोणाचीही होते."

दीपमाला नऱ्ह्याला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट बंद होती. रंगराव दर मजल्यावर थांबत वर गेले. दार तिनंच उघडलं. त्यांना बघून ती बाजूला झाली, या म्हणाली नाही. आत तिची आई भाजी निवडत होती. पूर्वा शाळेत गेली होती.

रंगरावांनी खुर्चीच्या कडेवर बसून सांगायला सुरुवात केली. फोनवर काय विचारलं, आपण काय समजलो, काय उत्तर दिलं. 'वन इश्यू' पर्यंत आले आणि दीपमालेच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"इश्यू? म्हणजे पूर्वा?"

"हो."

"म्हणजे तुम्ही पूर्वाला..." आणि तिला हसू फुटलं. आईला सांगताना ती पुन्हा हसली, आई हसली, हसता हसता दीपमालेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. ओढणीनं तिनं तोंड पुसलं.

"सर, मी तुम्हाला काय काय बोलले. त्या माणसासमोर. मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलं. दोन रात्री मी तुम्हाला नुसत्या शिव्या घालत होते." ती उठली आणि त्यांच्या पाया पडायला वाकली. "माफ करा मला."

"अगं, नको, नको," म्हणत रंगरावांनी पाय मागे घेतले. पण तिनं वाकून नमस्कार केलाच.

"आई, सरांना चहा टाक. बघ, कळल्या कळल्या तीन जिने चढून आले."

कळल्या कळल्या. रंगरावांना सुटकेचं दार समोर उघडं दिसत होतं. चहा घ्यायचा, पुढच्या जागेचं सांगायचं, पूर्वाला खाऊ म्हणून काहीतरी ठेवायचं आणि जिने उतरायचे. सगळ्यांनी त्यांना माफ केलं होतं. असं माफ होऊन घरी जाणं त्यांना शक्य होईना.

"दीपमाला," ते म्हणाले, "मला मंगळवारीच कळलं होतं."

"मंगळवारी? कधी?"

"तू समोर उभी होतीस तेव्हा. तू इश्यू म्हणालीस ना, तेव्हाच."

ती बघत राहिली.

"आणि ती जागा," रंगराव म्हणाले, "काल संध्याकाळपर्यंत होती. तुझ्यासाठीच ठेवली होती तिनं. मी फोन आज केला."

चहाचा कप घेऊन आलेली आई दारातच थांबली. दीपमालेनं तिच्या हातातून कप घेतला, रंगरावांच्या समोर ठेवला आणि स्वतः खाली चटईवर बसली.

"मग तुम्ही गप्प का बसलात, सर?"

रंगरावांनी मान खाली घातली होती. "मला इंग्रजी येत नाही, हे तुला कळलं असतं म्हणून."

ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पण तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"पण सर," ती म्हणाली, "ते तर मला कधीचंच माहीत होतं."